चाकाखालची लिंबं

दसऱ्याची पहाट होती आणि उत्कर्ष पाठकला उभ्या उभ्या झोप येत होती.

रात्रपाळीच्या मॅनेजरची नोकरी धरून त्याचा हा दुसरा आठवडा. तुळजापूरच्या पाठकांच्या घरात रात्र जागवायची ती जागरण-गोंधळाला. पगारासाठी आजवर कुणी जागलं नव्हतं. वडील विष्णुपंत शाळामास्तर. "रात्री काम आणि दिवसा झोप, म्हणजे वटवाघळाची नोकरी की," एवढं बोलून ते पुन्हा पेपरात शिरले होते. आता दिवसा तरी झोप मिळावी की नाही? पण उमरग्यातली भाड्याची खोली नेमकी पिठाच्या गिरणीवर. हा आडवा झाला की खाली पट्टा फिरायला लागायचा आणि जमीन थरथरायची. त्यात आईचा, प्रेमलाबाईंचा, रोज फोन: "नवरात्र आहे, गादीवर झोपू नकोस हं." गादीवर काय, तो कशावरच झोपत नव्हता.

गोदाम गावाबाहेर, सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून. कंपनीच्या जिल्ह्यातल्या दुकानांचा माल संध्याकाळी इथं यायचा, रात्रभर वेगळा व्हायचा आणि उजाडायच्या आत भूमला, कळंबला नि उमरग्याच्या दुकानात रवाना व्हायचा. दुकानं उघडली आणि फळीवर साबण नसला, की सकाळी शिव्या रात्रपाळीच्या मॅनेजरला.

कळंबचा शेवटचा ट्रक फाटकाबाहेर पडला तसा उत्कर्ष बॅटरी घेऊन मागच्या रॅककडे निघाला. आज पुण्याच्या ऑफिसातले शौनक दिवाणसाहेब दिवाळीचा माल तपासायला येणार होते. काल संध्याकाळी खंडेनवमीची पूजा आटोपून सगळे पेढे खात उभे असताना त्यांचा फोन आला होता. "सुट्टी असली तरी येतोय. शिडी तयार ठेवा, वरच्या कप्प्यापर्यंत चढून बघणार आहे." उत्कर्षनं ते तिथल्या तिथं सगळ्यांना सांगितलं होतं.

पेढे मात्र अप्रतिम होते. दिवसपाळी सांभाळणाऱ्या बंडप्पाकाकांच्या मुलाचं गावात मिठाईचं नवं दुकान होतं, तिथले. बोटं धुतली तरी साजूक तुपाचा वास जाईना. हल्ली एवढं तूप घालतं कोण?

मागच्या बाजूला फोर्कलिफ्ट उभी होती. उंच रॅकवर माल चढवायचं, उतरवायचं गोदामातलं एकुलतं एक यंत्र. दिवसा ती बंडप्पाकाका चालवायचे, रात्री फिरोज. काल काकांनी स्वतः तिला धुऊनपुसून हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. सफाईवाल्या दैवशालानं भोवती रांगोळी काढली. पुजलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत हलवायचं नाही, हा काकांचा नेम. म्हणून रात्रभर यंत्राला सुट्टी होती आणि खालच्या कप्प्यांतला माल सगळ्यांनी हातानं ट्रकमध्ये चढवला होता. नवे मॅनेजरसाहेबसुद्धा सुटले नव्हते. उत्कर्षची कंबर अजून बोलत होती.

हार कोमेजला होता. पुढ्यातल्या उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. उत्कर्ष रांगोळी चुकवून पुढं गेला आणि त्यानं बॅटरी वर धरली.

सगळ्यात वरच्या कप्प्यात दिवाळीसाठी राखलेलं तूप होतं. लाकडी पॅलेटवर रचलेली खोकी, प्रत्येकात काचेच्या बरण्या. काल संध्याकाळी पाळी हातात घेताना त्यानं ती खालून नीट पाहिली होती.

आता तिथं नुसतं पॅलेट होतं. एकही खोकं नव्हतं.

त्यानं बॅटरी विझवून पुन्हा लावली. झोपेत माणसाला नाही ते दिसतं, तसं नाही ते दिसेनासंही होत असेल, अशी एक वेडी आशा. पण पॅलेट तसंच उघडं होतं.

तो पुढं ऑफिसपाशी आला तेव्हा बंडप्पाकाका थर्मासचं झाकण फिरवत होते. काका रोज पहाटे घरून चहा आणायचे, खास रात्रपाळीसाठी. या नोकरीतलं उत्कर्षला आवडलेलं आजवर ते एकच.

"काय झालं साहेब? तोंड का उतरलंय? बसा, आधी च्या घ्या," काका म्हणाले.

"काका, तूप गेलं."

काकांनी झाकण काढून ठेवलं. मग त्यांनी कप भरून त्याच्या हातात दिला.

*

शौनक दिवाण वेळेआधीच आले. उत्कर्षच्याच वयाचा माणूस, पण झोपलेला, आंघोळ केलेला. त्यांनी गोदामाला एक फेरी मारली आणि निकाल देऊन टाकला.

"कुलूप शाबूत, भिंती शाबूत. वरच्या कप्प्यातून माल फक्त फोर्कलिफ्टनं उतरतो. रात्री किल्ली कुणाकडे?"

"फिरोजकडे. पण काल यंत्राला सुट्टी…"

"म्हणूनच कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. बाकी सगळे रात्रभर डॉकवर ट्रक भरत होते. फिरोज पूर्ण वेळ होता?"

उत्कर्षला खोटं बोलता येईना. "मध्ये नमाजला गेला होता."

"कुठं?"

"मागच्या खोलीत."

"कुणी पाहिलं?"

कुणी पाहिलं नव्हतं. नमाज पढणाऱ्याकडे कोण बघत बसतं?

"माल तुमच्या पाळीत गेलाय, पाठक," शौनक म्हणाले. "संध्याकाळपर्यंत फिरोजचं नाव घालून, सही करून अहवाल द्या. मी पोलिसांत देतो. तुम्ही नाही दिलात, तर माझ्या अहवालात दोघांची नावं असतील."

फिरोजला फाटकाजवळच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. उत्कर्षला काचेतून तो दिसत होता. मान खाली, हात मांडीवर. काल रात्री याच हातांनी त्यानं उत्कर्षच्या वाटणीची खोकीही उचलली होती. "साहेब, तुम्ही नवे, कमर धरंल तुमची," म्हणत.

सही केली तर या पोराचं नाव कायमचं खराब होणार. नाही केली तर दुसऱ्या आठवड्यातच नोकरी जाणार, वर चोर म्हणून. उत्कर्षला फार वेळ विचारही करवेना. डोळ्यांत कुणीतरी वाळू ओतल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात फाटकापाशी एक स्कूटर थांबली. चालवणाऱ्या बाईनं हेल्मेट काढलं. पन्नाशीची, कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्याला कापडी पिशवी. मागं बुरखा सावरत फिरोजची आई नसीमबी उतरली.

"मी शिवगंगा बिराजदार. खाजगी चौकश्या करते," बाई म्हणाली.

उमरग्यात तिला सगळे ओळखत. दवाखान्याच्या माडीवर ऑफिस. काम बहुतेक लग्नाच्या स्थळांचं. मुलगा सांगतो त्या नोकरीवर आहे का, संध्याकाळी कुठं बसतो, आधीचं काही लफडं. अधूनमधून विम्याच्या चौकश्याही करायची.

"बाहेरच्या माणसाला आत सोडता येणार नाही," शौनक म्हणाले.

"नका सोडू. पण मालाचा विमा असंल न्हवं? उद्या विमेवाले मलाच पाठवतील. मग मी लिहीन, आदल्या दिवशी आले होते, साहेबांनी फाटकावरनं परत लावलं. चालंल?"

शौनकना ते चालण्यासारखं नव्हतं.

नसीमबी उत्कर्षसमोर येऊन उभी राहिली. "साहेब, तुम्ही नवे हाव. माझ्या पोराचं नाव लिहायच्या आधी जरा दमानं बघा. दुसरं काय बोलत न्हाय मी."

उत्कर्षनं मान डोलावली.

*

"चला पाठकसाहेब, तुमचं गोदाम दाखवा," शिवगंगाबाई म्हणाल्या. "आणि चालता चालता झोपू नका. मला एकटीला ती शिडी धरता यायची न्हाय."

मागच्या रॅकपाशी त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. आधी वरच्या पॅलेटकडे पाहिलं. मग साडी सावरून खाली बसल्या आणि यंत्राच्या चाकांकडे पाहत राहिल्या. देवघरापुढं बसतात तशा.

"सकाळी तुम्ही आलात तेव्हा इथं काय काय होतं?"

"हेच सगळं. हार, रांगोळी. उदबत्ती चालू होती."

"चालू होती?"

"हो. धूर येत होता. का?"

"काही न्हाय. चांगला वास येतोय अजून." त्यांनी उदबत्तीच्या काडीखालची राख बोटानं चाचपली. "आता शिडी लावा."

त्या स्वतःच वर चढल्या. पॅलेटवरून हात फिरवला, बोटांचा वास घेतला आणि खाली आल्या.

"वर तूप सांडलेलं न्हाय. खाली बी न्हाय. शिडीवरनं एक भरलेलं खोकं तुम्ही खाली आणाल का हो?"

"मी? काल नुसतं ट्रकमध्ये चढवताना जीव गेला. शिडीवरून एक आणेन कसंबसं. दुसऱ्याला शिडीसकट खाली येईन."

"मग वरनं खाली सोडाल?"

"काचेच्या बरण्या आहेत, ताई."

"व्हय की," म्हणत त्यांनी हात झटकले. "आता माणसं भेटवा."

फिरोज खुर्चीवरून उठायला लागला तसा त्यांनी त्याला बसवलं.

"किल्ली कुठं होती?"

"खिशात. रातभर. दुसरी दिवसपाळीची, ती काकांकडं. पण गाडीला म्या हात लावला नाही. काकांची पूजा असते. चार वर्षं झाली, खंडेनवमीला मी गाडीकडं जातच नाही. दसऱ्याला काका लिंबं फोडतात, मी त्यांना सोनं देतो, मंगच मी गाडीवर बसतो."

"ते तूप वर कुणी चढवलं?"

"काकांनी. माल दिवसा येतो, चढवायचं काम दिवसपाळीचं. आमी रात्री लागंल तेवढा उतरवतो. त्या कप्प्याला दिवाळीपर्यंत हात लावू नको, असं सांगितलेलं काकांनी."

"यंत्रावर बसलं की ओझं कळतं?"

फिरोजला पहिल्यांदा जरा हसू आलं. "न कळायला काय? भरलेलं पॅलेट उचललं की मागची चाकं हलकी लागतात. सीटवरच कळतं."

"काका आल्या आल्या काय करतात रोज?"

"यंत्राला उदबत्ती लावतात. मंग च्या. एक दिस चुकत नाही."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला त्यांनी एवढंच विचारलं, की रात्री कोण आलं आणि गेलं. परकं कुणी नाही, तो म्हणाला. तीन ट्रक गेले, साहेबांच्या समोर सील होऊन. आणि काका आले, भूमचा ट्रक निघत होता तेव्हा.

"म्हणजे कळंबचा जायच्या बराच आधी?"

"व्हय. कळंबचा लई रेंगाळला."

दैवशाला गोदामाच्या मागं रिकाम्या खोक्यांच्या ढिगापाशी बसली होती. माल फोडला की खोकी चपटी करून इथं टाकायची, आठवड्यानं भंगारवाला न्यायचा. शिवगंगाबाईंना पाहताच ती ताडकन बोलायला लागली.

"बाई, मला काय विचारू नका. मी रांगोळी काढली आन डॉकवर झाडत बसले. पहाटे मागनं कायतरी धप्‌ धप्‌ ऐकू आलं, वाटलं मांजर हाय. पण तूप घेऊन जाणारं मांजर कुठं बघितलंय?"

"धप्‌ की धाड?"

"धप्‌. हलकं. उशी पडावी तसं."

शिवगंगाबाईंनी ढीग उपसायला सुरुवात केली. उत्कर्षलाही वाकावं लागलं. वर बिस्किटांची खोकी, साबणाची खोकी, आणि त्यांच्याखाली, नीट दडपलेली, तुपाची. एकेक काढून त्यांनी उन्हात पसरली. बऱ्याच खोक्यांचा एखादा कोपरा चेपला होता. तुपाचा डाग मात्र एकावरही नव्हता.

"ही चिकटपट्टी बघा," त्या म्हणाल्या.

उत्कर्षनं पाहिलं. खोक्याच्या बुडाला कंपनीच्या छापाची पट्टी होती, मधोमध कापलेली. तिच्यावरून दुसरी साधी पट्टी लावली होती.

"कापून पुन्हा चिकटवलंय," तो म्हणाला. "म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्हाला झोप पाहिजे. एकच माणूस ऱ्हायलाय, मग झोपा."

बंडप्पाकाका ऑफिसच्या पायरीवर बसले होते. शेजारी आपट्याच्या पानांची जुडी, संध्याकाळी वाटायला आणलेली. त्यांनी बाईंपुढं पेढ्यांचा डबा केला. बाईंनी एक घेतला, मोडला, बोटांकडे पाहिलं, खाल्ला.

"मुलाच्या दुकानातला का?"

"व्हय. तुमच्या आशीर्वादानं चाललंय."

"एवढ्या तुपात हा भाव कसा परवडतो त्याला?"

"फायदा कमी घेतो. नवं दुकान हाय, गिऱ्हाईक धरायचं."

"काका, आज सकाळी तुम्ही मागं कधी गेला होता?"

"आज? गेलोच न्हाय. आल्यावर च्या काढत होतो, तवर साहेब म्हणाले तूप गेलं. मग शौनकसाहेबांनी तिकडं कुणाला फिरकू दिलं न्हाय. यंत्राला नमस्कार सुदिक ऱ्हायला माझा."

"ऱ्हायला खरं," शिवगंगाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा हळूच झाकून ठेवला.

*

दुपार कलली तेव्हा त्यांनी सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. तिन्ही दुकानांना फोन झाले होते. कुठल्याही ट्रकात तुपाची एक बरणीही जादा निघाली नव्हती. फिरोजलाही आणलं होतं. नसीमबी त्याच्या दंडाला धरून उभी होती. उत्कर्षच्या हातात कोरा अहवाल होता. पाठ भिंतीला टेकली की डोळे मिटतात, म्हणून तो भिंतीपासून लांब उभा होता.

"साहेब, तुमचं म्हणणं काय?" शिवगंगाबाईंनी शौनकना विचारलं. "फिरोजनं या यंत्रानं तूप उतरवलं. बरोबर?"

"दुसरा मार्गच नाही."

"मग जरा खाली वाका."

शौनक वाकले. नाइलाजानं उत्कर्षही वाकला आणि तसाच राहिला. चाकाला टेकून पिवळंधमक लिंबू बसलं होतं. दुसऱ्या चाकाखाली दुसरं. चारी अख्खी.

तो सकाळी याच लिंबांच्या बाजूनं गेला होता. हळदकुंकू, हार, रांगोळी, लिंबं. लहानपणापासून दर वर्षी पाहिलेलं, म्हणून काहीच पाहिलं नव्हतं.

"यंत्र वीतभर जरी सरकलं असतं तरी ही फुटली असती," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"नंतर दुसरी ठेवली असतील."

"रस सिमेंटवर पडला की पांढरा डाग ऱ्हातो, धुतला तरी जात न्हाय. हा बघा, गेल्या वर्षीचा, तिथं. यंदाचा कुठं हाय? शिवाय रांगोळी. दैवशाला, ही तुझीच ना?"

"माझीच. एक रेघ पुसली न्हाय."

"म्हणजे काल पूजा झाल्यापासनं यंत्र हललेलं न्हाय. आणि पॅलेट बघा, वरच हाय. यंत्रानं उचलायचं तर पॅलेटसकट उचलावं लागतं. कुठला चोर माल उतरवून रिकामं पॅलेट परत वर ठेवायला जाईल? माल वरनं हातानं काढलाय."

"एका रात्रीत? शिडीवरून? एवढी जड खोकी?" शौनक म्हणाले.

"तेच की. पाठकसाहेब म्हणाले, दुसऱ्या खोक्याला ते शिडीसकट खाली येतील. उचलून आणणं होत न्हाय, वरनं टाकावं तर काच फुटते. तरी दैवशालानं धप्‌ धप्‌ ऐकलं. उशी पडल्यासारखं." त्यांनी आणलेल्या चपट्या खोक्यांतलं एक उघडून उभं केलं आणि दुसऱ्या पायरीवर चढून खाली सोडलं. धप्‌ झालं. एक कोपरा चेपला.

दैवशालानं मान डोलावली. "आस्सं."

"खोकी रिकामी होती, साहेब. ही बुडाची पट्टी कापून पुन्हा चिकटवलेली. तूप काल गेलंच न्हाय. कधीचंच गेलंय. वर नुसती खोकी बसली होती आणि खालनं बघणाऱ्याला ती भरलेली दिसत होती."

"मग रिकामी खोकी चोरायची कशाला?" उत्कर्षनं विचारलं.

"चोरायची न्हवती, लपवायची होती. काल संध्याकाळी फोन आला, की साहेब शिडीवर चढून बघणार. तोवर कुणी चढून बघत नव्हतं. साहेबांनी एक खोकं हलवलं असतं की कळलं असतं, तूप दिवसा, सवडीनं काढलेलं हाय. पण खोकीच नसली, तर तूप काल रात्री गेलं असं होतं. रात्रपाळीचा मॅनेजर नवा. ओझं त्याच्या गळ्यात."

बाहेर रस्त्यावर एक ट्रक गियर बदलत चढावर गेला.

"फोन आला तोवर लिंबं ठेवून झाली होती," त्या पुढं म्हणाल्या. "चोर हुशार असता तर त्याच्याकडच्या किल्लीनं यंत्र हलवलं असतं, खोकी पॅलेटसकट उतरवली असती. मग फिरोजवर आळ पक्का बसला असता. पण या चोराला ते करवलं न्हाय. पुजलेलं यंत्र सोनं लुटायच्या आधी हलवायचं न्हाय. शिडी लावून हातानं एकेक खोकं टाकलं त्यानं, या वयात. आणि सगळं झाल्यावर यंत्रापुढं उदबत्ती लावली. सवयीनं, का माफी मागायला, ते त्यालाच ठाऊक."

उत्कर्षच्या डोळ्यांसमोर सकाळचा तो सरळ धूर आला.

"पाठकसाहेबांनी ती पेटलेली बघितली. आदल्या संध्याकाळची उदबत्ती पहाटेपर्यंत टिकत न्हाय. म्हणजे तेवढ्यात कुणीतरी येऊन गेलं होतं. रोज कोण लावतं, ते फिरोजनं सांगितलं. आणि ज्याला विचारलं तो म्हणाला, आज मी मागं गेलोच न्हाय. भूमच्या ट्रकला आत आला, कळंबचा गेल्यावर थर्मास उघडला; मधल्या वेळात होता कुठं? बरं, तूप काढून नुसत्या खोक्यांचं पॅलेट परत वर चढवताना सीटवर कळतं. दिवसा या सीटवर एकच माणूस बसतो." त्यांचा आवाज खाली आला. "काका, पेढा लई चांगला होता."

बंडप्पाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ती दोन्ही हातांनी चेपत राहिले.

"पोराचं दुकान बुडायला आलं होतं," ते म्हणाले. "गौरीच्या टायमाला थोडं नेलं. वाटलं, दिवाळीच्या आत भरून टाकू. मग आणखी नेलं. भरायला कुठनं आणणार?"

"आणि माझं नाव घेतलं त्यांनी, तवा तुम्ही गप बसला, काका?" फिरोज म्हणाला.

"तुझं नाव येईल असं वाटलं न्हवतं रं. देवीची आण. वाटलं, साहेब नवे हाईत. मोजायला चुकले म्हणतील. त्यांना काय, दुसरीकडं मिळंल काम. शिकलेले हाईत."

उत्कर्षनं त्यांच्याकडे पाहिलं. राग यायला हवा होता. पण दोन आठवडे रोज पहाटे या माणसानं त्याला चहा दिला होता, आणि आज सकाळीही, सगळं करून आल्यावर, कप भरताना त्याचा हात जराही हलला नव्हता. ते त्याला रागापेक्षा जास्त लागलं.

*

संध्याकाळी गावात सोनं लुटून झालं तरी पोलिसांची गाडी आली नव्हती. सकाळी फिरोज ज्या खुर्चीवर बसला होता, तिच्यावर आता बंडप्पाकाका होते. शिवगंगाबाई हेल्मेट घालत होत्या.

"सहीला वेळ लावू नका," त्या उत्कर्षला म्हणाल्या. "जितका वेळ लावाल तितकं जड जाईल. आणि ती गिरणीवरची खोली सोडा. माझ्या ऑफिसमागं एक खोली हाय. खाली दवाखाना. पेशंट कण्हतात, पण बेतानं."

नसीमबी त्यांच्या मागं बसली. जाता जाता तिनं उत्कर्षच्या डोक्यावरून हात ओवाळून बोटं मोडली.

रात्रीचा माल यायची वेळ झाली. यंत्र काढायला हवं होतं. उत्कर्ष फिरोजला घेऊन मागं निघाला तसा केबिनमधून आवाज आला.

"फिरोज. लिंबं आज तूच फोड. सोनं लुटून झालंय."

फिरोज थांबला. काकांच्या जुडीतलंच आपट्याचं एक पान त्यानं सकाळपासून खिशात ठेवलं होतं. ते त्यानं बाहेर काढलं, केबिनच्या दारापर्यंत गेला, क्षणभर उभा राहिला. मग पान पुन्हा खिशात घालून मागं वळला. काकांनी पुढं केलेला हात तसाच मांडीवर परत गेला.

यंत्र सुरू झालं, पुढं सरकलं. एकामागोमाग एक चारही लिंबं फुटली आणि वास पार फाटकापर्यंत आला. फिरोजनं सीटवरून उतरून आपट्याचं पान हाराच्या दोऱ्यात खोचलं, बाह्या वर केल्या आणि पहिलं पॅलेट उचललं.

उत्कर्षनं अहवालावर बंडप्पाकाकांचं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग खाली सही केली.

ती रात्र लवकर सरली. उजाडायच्या आत भूमचा ट्रक गेला, उमरग्याच्या दुकानाचा गेला, शेवटी कळंबचा गेला. फाटक लागलं आणि उत्कर्ष डोळे चोळत सवयीनं ऑफिसकडे वळला. कालचा थर्मास टेबलावरच होता. त्यानं तो उचलून पाहिला. रिकामा होता, आणि कालच्या खोक्यांसारखाच हातात हलका लागला.